एकही कौल उतरवायचं नाही

आमच्या बंदरावरची मांडवी कशी गेली ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मांडवी म्हणजे जुन्या काळचं जकातघर. जाड जांभ्याच्या भिंती, वर नळीची कौलं, समुद्राच्या बाजूला लांबलचक ओटा. ती कोणी पाडली असं मला म्हणताच येत नाही. पाडायला निघाले असते तर कोणीतरी आडवं आलं असतं. तसं झालं नाही. आधी डागडुजी करायची म्हणून कौलं उतरवली आणि शेजारी नीट रचून ठेवली. जाणारे-येणारे आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं, कोणाला तरी सुचलं. मग वासे किडलेत म्हणून वासे निघाले. सागाच्या तुळया पावसात भिजू नयेत म्हणून बैलगाडीवर चढल्या आणि सरपंचांच्या खळ्यात जाऊन पडल्या. पुढच्या पावसाळ्यात उघड्या भिंती ढासळल्या आणि त्यांचे चिरे उचलून गावाचा नवा कोंडवाडा बांधला गेला. कोंडवाड्याच्या उद्घाटनाला हार, नारळ, भाषण सगळं झालं. भाषणात मांडवीचं नाव कोणी काढलं नाही.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखून ठेवायचा कायदा आला होता आणि गावाने त्यातल्या एका जागेवर मला बसवलं. बसवलं म्हणजे खरोखरच बसवलं. यजमानांची नारळ-सुपारीची वाडी, घरात चार पुस्तकं, मी सातवी शिकलेली, एवढं भांडवल त्यांना पुरलं. सभेला आल्यावर मी पदर सावरून बसावं, चहा प्यावा आणि दाखवतील तिथे सही करावी, अशी सरपंचांची साधी अपेक्षा होती. पहिल्या दोन सभा मी तशी वागलेही. तिसऱ्या सभेत कोंडवाड्याला रंग द्यायचा विषय निघाला आणि माझा तोल सुटला.

मी म्हटलं, "रंग द्या, पण आधी चिरे कुठले ते लिहा."

सरपंच हसले. त्यांचं हसणं फार गोड होतं आणि त्याचीच मला चीड यायची. म्हणाले, "वहिनी, स्वराज्य आलं ते काय पडक्या भिंतींना टेकू द्यायला? शाळेला खोली हवी, दवाखाना हवा. जुनं गेल्याशिवाय नवं उभं कुठे करायचं?"

"मग शाळेची खोली बांधायची होती. म्हशींची का बांधलीत?"

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. गावात जुन्या इमारती तशा मोजक्याच उरल्या होत्या. तळ्याकाठचा दीपमाळेचा चौथरा, मोहल्ल्यातली एक दुमजली पेढी, दोन-तीन घरं आणि खाडीवरची धर्मशाळा. पंचायतीला विचारल्याशिवाय यातलं काही पाडता येऊ नये असा ठराव मी मांडला आणि त्यावर तीन महिने गाव भांडलं. पंचायतीत भांडलं, देवळाच्या पारावर भांडलं, न्हाव्याच्या ओसरीवर भांडलं. एक सदस्य माझ्या तोंडावर म्हणाले, "माझ्या आजाने बांधलेली भिंत मी ठेवीन नाहीतर लोळवीन, तुम्ही कोण मला विचारणाऱ्या?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नाही. तेव्हा मी म्हटलं की आजाने बांधलं ते तुम्हाला लोळवण्यासाठी बांधलं नव्हतं.

मग जुनी इमारत कशाला म्हणायचं यावर घोडं अडलं. कागद कोणाकडेच नव्हते. शेवटी वाट मीच काढली. जी इमारत उभी राहताना पाहिलेला माणूस आज गावात हयात नाही, ती जुनी. हे सगळ्यांना पटलं, कारण म्हाताऱ्यांना विचारून कोणालाही ठरवता येत होतं. मला त्या दिवशी स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

आणि मग मी ते वाक्य घातलं. मांडवीचा घास कसा घेतला ते मी विसरले नव्हते. नुसतं "पाडू नये" म्हटलं की हे लोक पुन्हा डागडुजीच्या नावाने कौलं उतरवणार, पुन्हा तुळया खळ्यात जाणार. म्हणून मी ग्रामसेवकाला शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलं: मालकाने अर्ज करून आणि दोन सदस्यांनी इमारत पाहून पंचायतीची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय जुन्या इमारतीचं एकही कौल उतरवायचं नाही. सरपंच म्हणाले, "वहिनी, जरा सैल ठेवा, अडचण होईल." त्यांच्या तोंडून आलेला सल्ला मी कशाला ऐकते? ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. घरी येऊन मी गोडाचा शिरा केला.

आता धर्मशाळेविषयी सांगते. आमच्या गावाला खाडी ओलांडायची तर होडीतून जावं लागे. त्या होडीला आम्ही 'तर' म्हणतो. भरती-ओहोटीप्रमाणे तर सुटायची, आणि ती चुकली की माणूस पाच-सहा तास अडकायचा. आतल्या गावांतून डोक्यावर ओझी घेऊन आलेल्या बायका, तापाने फणफणलेली पोरं, पलीकडच्या दवाखान्यात निघालेल्या पोटुशी सुना, सगळ्यांना बसायला ती एकच जागा. तिच्या मागच्या खोलीत कोळीवाड्यातली एक बाई राहायची. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. ही धर्मशाळा झाडायची, रांजण भरून ठेवायची, आलेल्या बाईला पाठ टेकायला चटई द्यायची. तिला ना पगार ना नेमणूक. येणारी-जाणारी कोणी तांदूळ देई, कोणी वाल, कोणी सुकट. राहायला ती खोली. तिच्या हक्काची म्हणावी अशी जगात तेवढीच जागा होती.

धर्मशाळा कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बांधणाऱ्याचं नाव नाही, वारस नाही. पण ती इतकी वर्षं उभी होती ती एका रिवाजामुळे. दर वैशाखात तिची शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, पानं-पाचोळा झाडायचा, माकडांनी फोडलेली कौलं बदलायची, किडलेली रीप नवी ठोकायची, पुन्हा कौलं चढवायची. एक वर्ष आगरआळी, एक वर्ष मोहल्ला, एक वर्ष कोळीवाडा, एक वर्ष आमची आळी. कोणी बोलावत नसे, कोणी लिहून ठेवत नसे. ज्यांची पाळी ते शिडी घेऊन येत, बाकीच्या आळ्यांतून पन्हं आणि भाकऱ्या येत. मी लग्न होऊन आल्यापासून हे पाहत होते. इतकी वर्षं पाहत होते आणि तरी ठराव लिहिताना मला ते आठवलं नाही. हे कसं झालं, असं मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? नळाला पाणी यावं तशी ती शाकारणी होत असे. पाणी कुठून येतं याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

त्या वर्षी पाळी कोळीवाड्याची होती. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधीचे आठ दिवस त्यांना मोकळे असत. त्यांचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, माझ्या अंगणात आले. सोबत धर्मशाळेतली ती बाईही होती.

तांडेल म्हणाले, "वयनी, औंदा शाकारनी आमची हाय. पन गावात बोलतान, कौलाला हात लावला तर पंचायत खटला भरल. खरा हाय का?"

मी ठरावाची नक्कल आणली, वाचली आणि माझा चेहरा उतरला. पण मी धीर दिला. म्हटलं, "अर्ज करा. परवानगी मिळेल. मीच आहे ना तिथे."

अर्ज मीच लिहिला, तांडेलांनी अंगठा उठवला. दोन दिवसांनी ग्रामसेवकाने तो परत पाठवला. ठरावात "मालकाने अर्ज करून" असं म्हटलंय, तांडेल मालक नाहीत. मी तरातरा पंचायतीत गेले. सरपंच तेच गोड हसले. "मी काय करू वहिनी? नियम तुमचा. शब्द तुमचे. पुढच्या सभेत दुरुस्ती मांडा." पुढच्या सभेला माणसंच आली नाहीत. कोणाकडे लग्न, कोणाची भातशेतीसाठी राब भाजणी. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. सरपंचांनी मुद्दाम कोणाला येऊ दिलं नाही असा मला तेव्हा संशय होता आणि आजही आहे. बैठकीला न येणाऱ्यांतले दोघे संध्याकाळी पारावर पत्ते कुटत बसलेले मी डोळ्यांनी पाहिले. ते मांडवीच्या तुळया गिळून ढेकर देणारे लोक एकदम कायद्याचे इतके भक्त झाले, याचा संताप मी कोणावर काढायचा?

तांडेल पुन्हा आले, या वेळी खांद्यावर शिडी घेऊनच. होड्या ओढायला चार दिवस उरले होते. म्हणाले, "वयनी, कागद न्हाय तर न्हाय. तुमी नुसता तोंडान सांगा, आमी चढतो. तुमी सांगितला म्हंजे कोन बोलतो ते बघू."

धर्मशाळेतली बाईही सोबत होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी नाही म्हटलं.

माझं म्हणणं असं, की नियम मी केला आणि पहिल्याच वर्षी मीच मोडायला लावला तर उद्या हेच लोक त्यावर बोट ठेवतील. पेढी जाईल, दीपमाळ जाईल. एक पावसाळा निघेल, धर्मशाळा इतकी कच्ची नाही. मी हे सगळं तांडेलांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्याची टोपी सारखी केली आणि निघून गेले. मला वाटलं, मी फार ताठ उभी राहिले.

पावसाळा लागला. कौलांखाली वर्षाचा पाचोळा तसाच होता, पाणी अडलं आणि वाशांत मुरलं. आषाढात बाईच्या खोलीत तीन ठिकाणी गळायला लागलं, तिने खाली भांडी लावली. श्रावणात छपराचं खाडीकडचं अर्धं पाखं खाली आलं. तेव्हा आत दोन बायका तरीची वाट बघत बसल्या होत्या. त्या वाचल्या, कारण बाईने कडकडाट ऐकून त्यांना हात धरून बाहेर ओढलं. तिची पेटी, चटया, रांजण सगळं खाली गाडलं गेलं. ती भावाच्या पडवीत राहायला गेली.

गणपती झाल्यावर पंचायतीची सभा भरली. या वेळी सगळे हजर. विषय एकच, धर्मशाळा धोकादायक झाली आहे, ती उतरवून घ्यावी. मी भांडले. छप्पर नवं घालू म्हटलं. सरपंच शांतपणे म्हणाले, "वहिनी, आपला ठराव आहे. दोन सदस्यांनी इमारत पाहायची. त्यातल्या एक तुम्हीच व्हा. तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवू."

मी गेले. खाली लोंबलेल्या आढ्याला बोट लावलं, ते शेणात रुतावं तसं आत गेलं. खाडीकडची भिंत वीतभर बाहेर झुकली होती. तिच्याखालून तरीला जाणारी वाट, आणि वाटेवर माणसं. खोटं लिहिलं असतं तर एखाद्या सुनेच्या अंगावर ती भिंत आली असती. मी कागदावर लिहिलं की इमारत धोकादायक आहे, आणि खाली सही केली. इतके महिने मी भांडून जो नियम करून घेतला, त्या नियमाखाली पाडलेली पहिली इमारत ती, आणि तिच्यावर सही माझी. सरपंचांनी कागद घडी करून खिशात घातला. त्या वेळी ते हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर धर्मशाळा उतरवली. मी गेले होते. सरपंच, ग्रामसेवक होते, तांडेलही होते, कोळीवाड्यातले बरेच होते. ती बाई आपली पेटी सापडते का ते बघत चिऱ्यांच्या ढिगाशी उकिडवी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं की आमच्या वाडीत एक खोप रिकामी आहे, तिथे राहायला ये. सोबत हेही म्हटलं की या लोकांनी गावाचा घात केला, सभा होऊ दिली नाही, अर्ज फेटाळला. मी तावातावाने बोलत होते. माझा राग खरा होता.

तिने ऐकून घेतलं. मग हातातला चिऱ्याचा तुकडा बाजूला ठेवून तिने सरळ विचारलं, "वयनी, त्या दिशी तांडेल शिडी घेऊन उभा व्हता. तुमी 'चढा' बोलला असता, तर तुमाला कोनी धरला असता?"

मी सरपंचांकडे पाहिलं, ग्रामसेवकाकडे पाहिलं. मला कोणीही धरलं नसतं. मी तिला तसं सांगितलंही. ती "व्हय" म्हणाली आणि पुन्हा पेटी शोधू लागली.