पेशंटसोबत कोण?

सुटीवर गावी आले, त्याच आठवड्यात मामांना डायलिसिससाठी बोरीहून परभणीला नेण्याचे काम माझ्याकडे आले. विभाग ओळखीचा होता. जर्मनीला जाण्यापूर्वी मी तिथेच नोकरी करत होते आणि मामांच्या हातात सुया बहुतेक वेळा मीच टोचत असे. त्यांच्या डाव्या हाताची फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनीला जोडून फुगवलेली शीर, कोपराखाली किंचित वळते. ते वळण डोळ्यांना दिसत नाही. बोटांखालच्या थरथरीवरून ओळखावे लागते. परदेशी नोकरीसाठी माझी निवड झाली ती याच कौशल्यावर.

बसमध्ये मामांनी विचारले, "तिकडं रोज किती जणांना टोचायलीस?"

"अजून परवानगी नाही, मामा. मान्यतेची परीक्षा व्हायची आहे."

"मग काय करायलीस?"

उत्तर सोपे होते, तरी मी खिडकीबाहेर पाहिले. तिकडच्या पहिल्या सकाळी मला एका वृद्धाच्या खोलीत पाठवले होते. त्यांना अंघोळ घालायची होती. सवयीने मी दाराबाहेर येऊन सहकारी बाईंना विचारले, "पेशंटसोबत कोण आहे?" परभणीत हे वाक्य मी दिवसभर, बहुधा ओरडूनच, म्हणत असे. खाटेवर एक रुग्ण, खाली तीन नातेवाईक. अंग पुसणे, भरवणे, पाय चेपणे त्यांचे. सुया, औषधे आणि यंत्र आमचे. बाईंनी रिकाम्या व्हरांड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तू," त्या म्हणाल्या.

त्या थट्टा करत नव्हत्या. तिथे ते नर्सचेच काम आहे, आणि त्यात कमीपणा नाही हे मला बुद्धीने पटलेले आहे. पण न वापरलेले बोट विसरते. तिकडच्या खोलीत संध्याकाळी मी स्वतःच्या मनगटावर नाडी शोधत बसते. दुसरा हात मिळत नाही.

"अंघोळ घालते, मामा. जेवू घालते."

"म्हंजी लेकीचं काम," मामा म्हणाले.

विभागात नवी सिस्टर होती, माझ्याहून लहान. मामांनी हात पुढे करून जाहीर केले, "आज माझी भाची टोचणार. जर्मनीची हाय!"

मी हातमोज्यांच्या डब्याकडे वळलेही होते.

"ताई, तुम्ही आता स्टाफमध्ये नाहीत," ती म्हणाली. "मला टोचू नाही देता येणार."

"का गं? सुईला बी व्हिसा लागतो व्हय?" मामा म्हणाले. आजूबाजूच्या खाटांवरचे हसले. मीही हसले. तिच्या जागी मीही नाहीच म्हटले असते.

तिने बोटे टेकवली, क्षणभर थांबली आणि ते वळण नेमके टाळून सुई घातली. दुसरीही पहिल्याच प्रयत्नात. ती चुकावी असे मला वाटत होते का? 'हो' असे लिहिण्याइतकी मी प्रामाणिक नाही.

"कळलं बी न्हाई," मामा तिला म्हणाले. मग माझ्याकडे पाहून घाईने, "तुझ्यावानीच."

यंत्र सुरू झाले. मी भिंतीकडच्या स्टुलावर बसले. तिथून सगळी यंत्रे दिसत होती. त्यांतल्या एकाही बटणाला हात लावण्याचा अधिकार मला नव्हता, इथेही आणि तिकडेही.

दुपारी सुया निघाल्या. सिस्टरने मोठ्याने विचारले, "पेशंटसोबत कोण आहे? कापूस दाबून धरा."

मी उठले. हे काम नातेवाईकांचे. फार जोरात दाबले तर प्रवाह थांबून शीर बंद पडू शकते, हलके धरले तर रक्त येते. दोन्हींच्या मधला दाब मी शोधला. कापसाखाली थरथर लागली, बारीक, सलग. मामांना डुलकी लागली होती.

"ताई, झालं असेल, सोडा आता," सिस्टर म्हणाली.

रक्त केव्हाच थांबले होते. "अजून थोडा वेळ," मी म्हणाले.