इटलीची नारिंगी गाडी

दोन हजार चार साली मी लेकीकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला होते. एका शनिवारी जावई जुनी इटालियन मोटरसायकल बघायला निघाले. मला म्हणाले, "आई, घरी बसून काय करणार? चला." कॉलेजात असल्यापासून त्यांचा त्या गाडीवर जीव. पण विकणारा म्हातारा भलता चोखंदळ, आधीच्या दोघांना त्याने परत पाठवलं होतं.

मुलगी बघायला जावं तसं वाटत होतं. फक्त बघितलं जात होतं आम्हाला!

गॅरेजमध्ये त्याच कंपनीच्या गाड्यांच्या तीन पिढ्या ओळीने उभ्या. पहिली तर सायकलच हो, पेडलपाशी एवढंसं इंजिन लावलेली. जावई समजावत होते, कंपनी आधी रेडिओचे भाग करायची. युद्धात कारखान्यावर बाँब पडले, मग लोकांना परवडेल असं हे इंजिन काढलं. त्याच्या आवाजावरून इटालियनमध्ये नाव ठेवलं, कुत्र्याचं पिल्लू! मला ते फार आवडलं. शेजारी एका सिलिंडरची, लाल, सडपातळ. आणि मग ती, सत्तरच्या दशकातली, नारिंगी टाकीची. दोन सिलिंडर, एक उभा, एक पुढे पाय पसरून बसल्यासारखा. म्हाताऱ्याने किक मारली आणि माझ्या छातीत ढोल वाजले. यंत्र इतकं देखणं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"घेऊन काय करशील?" त्याने विचारलं.

"जिवापाड जपीन," जावई म्हणाले. "कव्हर घालून ठेवीन. पावसात बाहेरसुद्धा काढणार नाही."

म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं. "आधीचे दोघंही हेच म्हणाले."

जावयांचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना. इंग्रजी कळायचं, पण बोलता यायचं नाही, म्हणून मराठीतच म्हटलं, "अहो जावईबापू, शोभेची वस्तू आहे का ती? सांगा त्यांना, आमच्या ह्यांच्या स्कूटरवर आम्ही चौघं बसायचो, वर गॅसचा सिलिंडर!"

"आई, हे काय सांगायचं असतं का?"

"सांगा म्हणते ना!"

सांगितलं बापड्यांनी, कान लाल करून. म्हातारा खदखदून हसला. सीटच्या मागच्या, झिजलेल्या भागावर हात ठेवून म्हणाला, "माझी बायको इथे बसायची. पावसात, बर्फात, कुठेही." आणि किल्ली जावयांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी भर पावसात जावई फिरून आले, गाडी चिखलाने माखलेली, स्वारी खूश. लेकीने हौसेने आणलेलं कव्हर तसंच पडून होतं. ऊन पडल्यावर मी ते घरामागच्या लाकडी डेकवर अंथरलं आणि त्यावर सांडगे घातले.