एकवीस गिअर आणि एक खुर्ची

काकांच्या माउंटन बाइकला एकवीस गिअर होते आणि डोंगर तिने कधी पाहिला नव्हता. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी ती जुनी विकत घेतली आणि तिच्यावर हात चालवायला सुरुवात केली. सीटखाली चष्म्यासाठी ड्रॉवर आला. हँडलवर काकूंच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा आला. त्यात रस्ता कमी आणि काकांची हनुवटी जास्त दिसे. घंटा तीन. एक माणसांसाठी, एक कुत्र्यांसाठी, तिसरी उगाच.

"आता पलंग तेवढा लावा, म्हणजे घरी यायलाच नको," काकू म्हणायच्या.

काकू हे पलंगावरूनच म्हणायच्या. नऊ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड सांधलं, धीर काही सांधला नाही. डॉक्टर चालायला सांगत. काकू पलंगापासून खिडकीपर्यंत जात, तेही काकांचा दंड धरून. रोज संध्याकाळी दोघं तळ्याकाठच्या बाकावर बसायची, ते बंद झालं. काका एकटे एकदाही गेले नाहीत.

त्यातून खुर्ची निघाली. स्वयंपाकघरातल्या हातांच्या खुर्चीला खाली दोन चाकं लावून काकांनी ती चार बोल्टांनी सायकलच्या मागे जोडली. उलट्या तोंडाची.

"उलटी का हो?"

"चाळीस वर्षं माझी पाठच बघत आलीस. आता जरा रस्ता बघ."

काकूंच्या कोपरापासून गुडघ्यापर्यंत सगळी मापं त्यांनी मिलिमीटरमध्ये घेतली होती. निघायच्या दिवशी काकू घरातच ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसल्या. काकांनी सायकल ढकलली आणि खुर्चीचे हात दाराच्या चौकटीत अडकले. चार बोटं जागा कमी पडली.

"दाराचं माप घेतलं नाहीत?"

"दार कुठे येणार होतं आपल्याबरोबर?" काका म्हणाले, पण आवाज पडला होता. "चौकट कापतो."

"घर राहू द्या की जागेवर. खुर्ची सोडवा आणि बाहेर जोडा."

काकू उठून भिंतीला टेकल्या. काकांनी बोल्ट काढले, सायकल रस्त्यावर नेली, खुर्ची आडवी करून बाहेर काढली आणि तिच्याखाली वाकून बसले. दारातून काकू बघत होत्या.

"डावीकडे झुकलीय."

"सरळ आहे."

"बसणार मी आहे. झुकलीय म्हणते ना."

काकांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांना खुर्चीच्या पायांपलीकडे चपला दिसल्या. काकू भिंत धरून, मग फाटक धरून, मग काहीच न धरता आल्या होत्या. त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी सरळ धरली.

"हं. आवळा आता."

काकांनी शेवटचा बोल्ट आवळला. आवळून झाल्यावरही पाना फिरवत राहिले.

"झालं का?"

"थोडं राहिलंय," काका खालूनच म्हणाले.

दार अजून तेवढंच आहे. रोज संध्याकाळी काका चार बोल्ट काढतात, खुर्ची बाहेर नेऊन पुन्हा लावतात, आणि ती धरायला काकूंना हाक मारतात.