हातभर करंडी

मागच्या उन्हाळ्यात नातवाने मला गाडीत घालून नागपूरला नेलं. वाटेत आमच्या पुढे एक लांबलचक ट्रक, आणि त्यावर खोलीएवढी लोखंडी पेटी. पाऊण तास ती पेटी काही समोरून हटेना. नातू वैतागला, मी मात्र बघत बसले. तो म्हणाला, आजी, याला कंटेनर म्हणतात. बोटीवरून उचलायचा, रेल्वेवर ठेवायचा, रेल्वेवरून ट्रकवर. आतल्या मालाला कोणी हातसुद्धा लावत नाही. अमेरिकेतल्या एका ट्रकवाल्याने छप्पन्न साली अशा पेट्या बोटीवर चढवल्या, हे त्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. आधी म्हणे ज्याची त्याची पेटी वेगळ्या मापाची होती, आणि सगळ्यांचं एक माप ठरवता ठरवता नाकी नऊ आले.

मला हसू फुटलं. छप्पन्न म्हणजे आमच्या शेजारच्या वस्तीने धम्म घेतला ते साल. त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी लग्न होऊन दारव्ह्याजवळच्या एका गावात आले, आणि एका मापाचं प्रकरण आमच्या अंगणातही घडलं. आमची पेटी बांबूची होती एवढंच.

आम्ही बुरूड. सूप, टोपली, कोंबड्या झाकायची डाल, धान्याची कणगी, सगळं आमच्याकडचं. पण सासूबाईंचं नाव होतं ते संत्र्याच्या करंडीसाठी. एक बागवान दर हिवाळ्यात बागा तोडायला घ्यायचा आणि करंड्या फक्त त्यांच्याकडूनच न्यायचा. तळाला वाळलं गवत, वर संत्री, त्यावर पुन्हा गवत, आणि तोंड सुतळीने शिवलेलं. गावाच्या स्टेशनावरून छोटी गाडी त्या करंड्या न्यायची. पुढे मोठ्या स्टेशनावर छोट्या डब्यातून उतरवून त्या मोठ्या लाइनीच्या डब्यात एकावर एक रचायच्या. तिथून कुठे जायच्या, ते मला ठाऊक नव्हतं. मी दोन गावं पाहिली होती, माहेर आणि सासर.

सासूबाईंना मी मामी म्हणायची. सासरे नव्हते, मामी आणि माझा नवरा, दोघंच. नवरा जंगलातून बांबूची गाडी घेऊन यायचा, बांबू फाडून द्यायचा. विणायचं काम मामीचं. त्यांच्या घरचा एक नियम मला पहिल्याच दिवशी कळला. कुंपणाच्या आत मोजायची काठी आणायची नाही. गावात कोणी गेलं की त्या घरचा माणूस मढ्याच्या लांबीची काठी घेऊन आमच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा, त्या मापाची तिरडी न्यायला. बुरडाच्या घरात काठीने मोजायचं ते एवढंच. ज्यात माणसाचं खाणं भरायचं, त्याला काठी लावायची नाही. करंडी हातभर उंच: कोपर बुडाला टेकवायचं, मधल्या बोटाचं टोक जिथे येईल तिथे काठ वळवायचा.

"हात देवानं कायले देला?" मामी म्हणायची. "काठी कायले पाहिजे?"

मी आले आणि त्या वर्षी बागवानाने दुप्पट करंड्या सांगितल्या. घरात चार हात झाले ना! सकाळी अंगणात ऊन पसरलं की आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसायचो. हिरव्या बांबूचा वास ओला, थोडा गोड. फाडलेल्या बांबूची एक कामटी वर, एक कामटी खाली. थोड्या वेळाने हातांना माझी गरजच उरायची नाही. मग मी निघायची. अर्धी झालेली करंडी मांडीवर, तिच्या फटींतून ऊन माझ्या लुगड्यावर सांडलेलं, आणि मी त्या करंडीत बसून छोट्या गाडीने चाललेली. मोठ्या स्टेशनावर कोणीतरी मला अलगद उचलायचं, दुसऱ्या गाडीत ठेवायचं. गाडी नदीवरून जायची, मग अशा गावांवरून जिथे कोणी मला ओळखत नव्हतं. शेवटी एक खूप मोठं पाणी यायचं. मी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून तो नेहमी आमच्या तळ्यासारखाच दिसायचा, फक्त पलीकडचा काठ नसलेला. तिथे एक बाई करंडी उघडायची आणि आत मी. पुढे काय व्हायचं ते मला कधीच सुचलं नाही.

"काहून वं, कुठं गेलती?" मामीचा आवाज यायचा. मी दचकून खाली बघायची, तर करंडी काठापर्यंत आलेली असायची. कोपर टेकवायचं, बोट बघायचं, काठ वळवायचा. सुखाचे दिवस होते ते. लग्नानंतर इतकं निवांत वाटेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पौषात एका सकाळी बागवान बैलगाडी घेऊन आला. गाडीत आमच्याच करंड्या, रिकाम्या. काही धड, काही अशा चेपलेल्या की काठ बुडाला लागलेला. त्यांच्यातून सडक्या संत्र्यांचा वास येत होता.

"मावशी, आधा माल गेला," तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता. "एक करंडी ऊंची, एक ठेंगणी. थरावर थर लावला का सगळा वजन ऊंचीवर. ते बसली का आतला माल खलास. आजलोक असं झालं नाही तुमच्याकडून."

मामीची मान ताठ होती, पण हात पदराशी चाळा करत होते.

"आठ दिवसांनी आखरी माल जाते," बागवान म्हणाला. "शंभर करंड्या द्या. सगळ्या एकसारख्या. नाहीतर मले सुताराकडून लाकडाच्या पेट्या घ्या लागते. मंग दरसाल पेट्याच." त्याने गाडीतून सुताराची एक पट्टी काढली. "हे घ्या, हिच्यानं मोजा."

"आत आणू नका ते!" मामी एवढ्या मोठ्याने म्हणाली की बैलांनी कान टवकारले. बागवान बिचारा पट्टी कुंपणाबाहेर ठेवून निघून गेला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला तेव्हाच समजलं होतं. माझी मूर्ती लहान, हातही आखूड. मी मामीच्या नियमाने, माझ्या कोपराने, माझ्या बोटाने मोजत होते. मामी एकटी विणायची तेव्हा करंड्या एका मापाच्या होत्या, कारण हात एकच होता. माझ्यामुळे घरातला हिवाळ्याचा धंदा जायला निघाला होता, आणि मी दाराआड मूग गिळून उभी होते. या बाईने मला माहेरी पाठवलं तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मामी रिकाम्या करंड्यांमध्ये जाऊन बसली. एक चेपलेली करंडी तिने ओढून सरळ केली आणि आत कोपर टेकवलं. बोट बरोबर काठाला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. चेपलेल्या सगळ्या तिच्या हाताच्या होत्या. मग धड असलेल्या घेतल्या, तर तिचा हात काठाच्या तीन बोटं वर.

"इकडं ये," ती म्हणाली. "घाल हात."

मी घातला. माझं बोट काठाला नेमकं लागलं.

"मामी, माहा हात आखूड हाय," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. "मघाशीच सांगाले पाहिजे होतं मले. भेव वाटलं."

तिने हातातली करंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तू कामट्या काढ. करंड्या मी विनतो." एवढंच.

तीन दिवस ती एकटी विणत होती. मी कामट्या तासून तिच्या पुढ्यात ठेवायची. पाठीला पाठ नव्हती, आणि मी कुठे निघतही नव्हते. सगळं लक्ष तिच्या बोटांवर. बोटं चिरली होती, चिंध्या बांधून ती पुन्हा बसायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेमतेम पंचवीस झाल्या. नवरा म्हणाला, बाहेरची पट्टी आणू का? तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बैलांना पाणी दाखवायला गेला. मला तिचा राग आला. एका काठीपायी बाई स्वतःला जाळून घेते आहे, असं वाटलं. आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हेही वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी कामट्या घेऊन गेले तर तिच्या त्या पंचवीस करंड्या बाजूला सारलेल्या. तिने ढिगातून एक जाड, सरळ कामटी निवडली.

"बस," म्हणाली. "हात सरळ कर."

मी हात पुढे केला. तिने कामटीचं एक टोक माझ्या कोपराशी धरलं आणि दुसरं टोक मधल्या बोटापाशी कोयत्याने तोडलं. मी म्हणाले, "मामी, काठी झाली हे. अन् घ्याचंच हाय त तुमच्या हाताचं माप घ्या. घर तुमचं हाय."

"माह्या हाताची करंडी दबते," ती म्हणाली. "तुह्या हाताची पोचते."

मग तिने ती कामटी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली, नवी करंडी मांडीवर घेतली आणि काठ वळवताना कामटी आत उभी करून पाहिली. इतकी वर्षं विणणारी बाई, पण त्या दिवशी शिकाऊ पोरीसारखी पुन्हा पुन्हा मोजत होती. पहिल्या दोन चुकल्या. सवयीने तिचा काठ वरच जायचा. तिने त्या उसवल्या आणि परत विणल्या. मग बाजूला सारलेल्या पंचवीसांचे काठही उसवून त्याच मापावर उतरवले.

आठव्या दिवशी बागवान आला. त्याने अंगणातच करंड्यांचा थर लावून पाहिला, थरावर थर, आणि वरून तळहात फिरवला. कुठे उंचवटा नव्हता. पुढची सात-आठ वर्षं तो लाकडाच्या पेट्यांचं नाव काढणार नव्हता, पण ते तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं.

"बराबर हाय, मावशी," तो म्हणाला. "कोनं विनल्या ह्या?"

त्यातल्या साठेक मामीच्या होत्या. चिंध्या बांधलेली बोटं तिने पदराखाली घेतली.

"सुनेनं," ती म्हणाली.