शंभर टक्के हिरवं

त्या ॲपनं सहा आठवड्यांत माझ्या आईला एकदाही अडवलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सरळच सांगते. आईच्या गर्भपिशवीत गाठ होती. अंगावरून जायचं ते थांबायचं नाही. परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, "हिमोग्लोबिन सात पॉइंट एक आहे. दहा झाल्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावणार नाही." मग त्यांनी लिहून दिलं : लोहाची गोळी रोज एक, कॅल्शियमची रात्री एक, आणि आठवड्यातून एकदा ड जीवनसत्त्वाची पुडी दुधात. बास, एवढंच. दहा गाठायचं आणि गाठ काढून टाकायची.

मी तेव्हा परभणीत खोली करून राहत होते आणि बायकांच्या रक्तक्षयावर काम करणाऱ्या एका मंडळासाठी पत्रकं लिहीत होते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, हे मी इतक्या वेळा ठळक अक्षरांत लिहिलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. माझं गाव वालूरच्या अलीकडं. दर शनिवारी जायचं, सोमवारी परत यायचं. मधले पाच दिवस आईवर लक्ष कोण ठेवणार? वडिलांना स्वतःची डोकेदुखीची गोळी सापडत नाही.

म्हणून ॲप. एका मैत्रिणीनं सांगितलं : व्यायाम, वजन, पावलं, गोळ्या, सगळं एका जागी, आणि आईच्या फोनवर खूण झाली की तुझ्या फोनवर दिसते. मी शनिवारी गावी गेले आणि आईच्या फोनवर ते चढवलं.

पहिल्याच पडद्यावर त्यानं विचारलं, किती किलो कमी करायचेत? माझी आई एक्केचाळीस किलोची. 'एकही नाही' असं उत्तर तिथं नव्हतंच. काहीतरी निवडल्याशिवाय पुढं जाऊ देईना. शेवटी मी अर्धा किलो लिहिलं आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग जेवण. ओट्स तीन प्रकारचे होते, ज्यांची नावं मी कधी ऐकली नाहीत अशी पालेभाज्यांची कोशिंबीर होती, पण भाकर नव्हती. ज्वारी शोधली तर 'सापडलं नाही'. ज्वारी सापडत नाही म्हणे. आमच्या घरात दुसरं काय सापडतं?

ते जेवणाचं पान मी बंदच करून टाकलं. गोळ्यांचं तेवढं ठेवलं. लोहाच्या गोळीची वेळ लावली दुपारी बाराची. विचार करून लावली होती. सकाळी चहा असतो, एक वाजता भाकर, रात्री कॅल्शियम. बारा म्हणजे सगळ्यांपासून लांब. मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

आईला समजावलं. "हे वाजलं की गोळी काढायची. पाकिटातून गोळी निघाली की ह्या गोलावर बोट ठेवायचं. गोल हिरवा होतो."

"आन मग?"

"मग मला तिकडं दिसतं."

"बरंय. म्हंजी तू तिकडून राखण करायलीस."

तिनं पहिल्या दिवशी बोट ठेवलं, तर पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले, लग्नात उडवतात तसे. आई हसली. म्हणाली, "एका गोळीचं एवढं कौतिक? तुमच्या येळंला मी नऊ म्हैने काढले, कुनी एक फूल उडविलं न्हाई."

त्यानंतरचे सहा आठवडे मी परभणीत बसून हिरवे गोल बघितले. शनिवारी-रविवारी गावी गेले तरी बाराला आई रानात असायची आणि मी घरी. बारा वाजून दोन मिनिटांनी गोल, बारा वाजून पाच मिनिटांनी गोल. एकही दिवस चुकला नाही. पावलांच्या रकान्यात मात्र रोज एकच ओरड : आज आपण खूप वेळ बसून होता, उठा, थोडं चाला. खुरपायला बसलेली बाई उकिडवी बसूनच दिवसभर पुढं सरकते, आणि तिचा फोन बांधावरच्या बाभळीला पिशवीत लटकत असतो. अख्खं सोयाबीन साफ करून आलेल्या बाईला हे यंत्र आळशी म्हणत होतं. ते वाचून मी चिडायचे. पण गोळ्यांच्या गोलांवर माझा पूर्ण विश्वास होता. ज्या यंत्राला खुरपणं कळत नाही, त्याला गिळणं कळत असेल असं मला का वाटलं?

एवढंच नाही. पूर्णेला आमच्या मंडळाची बैठक होती, तिथं मी उभी राहून आईचा तो हिरवा तक्ता सगळ्यांना दाखवला. म्हणाले, माझी आई चौथी शिकलेली आहे, ती एक दिवस चुकवत नाही, मग तुम्ही आम्ही शिकलेल्यांना काय धाड भरलीय? टाळ्या पडल्या. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. सात पॉइंट चार.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "गोळ्या घेतल्या नाहीत."

मी फोन त्यांच्यासमोर धरला. "बेचाळीसपैकी बेचाळीस, डॉक्टर. शंभर टक्के."

त्यांनी पडदा पाहिला, मग आईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "फोनची तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले. "आईची नाही. अजून महिनाभर बघू. नाहीतर रक्त चढवायला भरती करावं लागेल. गाठ वाढत चाललीय, वाट बघत बसायला वेळ नाही."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मला वाटलं, घाबरली.

मला संशय आला तो चहाचा. रानात किटलीतून चहा येतो, त्याच्याबरोबरच गिळत असणार. मी मंडळाला सुट्टी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच रानात जाऊन बसले. आई आणि आणखी पाच जणी. ह्या सहा जणींची सावड आहे. म्हणजे आज सगळ्या मिळून एकीच्या रानात खुरपायचं, उद्या दुसरीच्या. कुणाला मजुरी द्यायची नाही, पण पाळी मोडायची नाही. आजारी असली तरी पाळी असते, लेकीचं बाळंतपण असलं तरी असते. कित्येक वर्षं चाललंय.

"आली बगा पुढारीण," मला पाहून शेजारची मामी म्हणाली. ही आमच्या भिंतीला भिंत लागून राहते आणि तिच्या तोंडाला सगळं गाव वचकून असतं. "खुरपं देऊ का माईक देऊ?"

बारा वाजले. बाभळीवरची पिशवी वाजायला लागली. सहाच्या सहा जणी खुरपी टाकून उठल्या, शाळेची घंटा झाल्यासारख्या. आईनं पिशवीतून पाकीट काढलं, लिंबू काढलं, तांब्यात पिळलं. चहा कुठंच नव्हता. सगळं माझ्या पत्रकाप्रमाणं. मग तिनं गोळी काढली आणि मामीच्या हातावर ठेवली. मामीनं ती गिळली, वरून लिंबूपाणी प्याली, आणि फोनवर बोट ठेवलं. रंगीत कागद उडाले. बाकीच्या वाकून बघत होत्या.

"उद्या माजी पाळी," एक जण म्हणाली.

मला कळायला थोडा वेळ लागला. सहा जणी. रोज एक गोळी. जशी रानाची पाळी, तशी गोळीची. बेचाळीस दिवसांत माझ्या आईच्या पोटात सात गोळ्या गेल्या होत्या. कामाला सुट्टी असली की जिची पाळी तिच्या दारात आई स्वतः गोळी आणि फोन दोन्ही घेऊन जात होती, खूण करायला.

मी ओरडले. बांधावर उभी राहून ओरडले.

"कामून वरडायलीस?" आई म्हणाली. "पाकिटातून गोळी निघाली की बोट ठिव म्हनलीस, ठिवलं. एक बी दिस चुकविला न्हाई."

"निघाली म्हणजे तुझ्या तोंडात जायला नको का? तुझं ऑपरेशन आहे ना, आई. ह्यांचं आहे का?"

"ह्यांना बी चक्कर येती. उठलं की अंधारी येती सगळ्यांला. मी एकलीनं गिळायची आन ह्यांनी तोंडाकडं बगायचं व्हय?"

"डॉक्टरसमोर का नाही बोललीस?"

"त्यांनी मला इचारलंच न्हाई. तू फोन दावलास."

मामी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तिला नको बोलू माय. आमाला काय ठाव तिचं अप्रिशन आडलंय. ती म्हनली, लेकीनं ताकदीच्या गोळ्या धाडल्यात, समद्यांनी खावा. आन तूच तर त्या कागदावर लिव्हलंयस, घरोघरी बायांनी लोह घ्यावं म्हनून. कागद हाय माज्यापाशी. मिसरी बांधलीया त्याच्यात."

पत्रकात प्रश्न आपणच विचारायचा आणि आपणच उत्तर द्यायचं असतं. इथं प्रश्न त्यांनी विचारला होता.

बाजाराच्या दिवशी काम बंद असतं. त्या दिवशी मी सहा जणींना घेऊन उपकेंद्रावर गेले. तिथल्या सिस्टरनं बोटाला टोचून सगळ्यांचं रक्त पाहिलं. मामीचं सहा पॉइंट आठ निघालं. माझ्या आईपेक्षा कमी. गावाला वचकात ठेवणारी बाई, आणि अंगात रक्त एवढं. बाकीच्या चौघी आठ-नऊच्या आसपास होत्या. एकीचंही दहाच्या वर नव्हतं, आणि आकडा ऐकून एकीलाही आश्चर्य वाटलं नाही. आईचंही पाकीट संपत आलं होतं, म्हणून मी सहा जणींसाठी गोळ्या मागितल्या.

"गोळ्या तिघींपुरत्या आहेत," सिस्टर म्हणाली. "साठा येईल तेव्हा बाकीच्यांना."

"कधी येईल?"

"ते मला कसं माहीत? मी मागणी पाठवलीय."

मी माझ्या सवयीनं सुरू झाले. हक्क, जबाबदारी, निवेदन. सिस्टर शांतपणे ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती. आणि मागं बाकावर बायकांची हलक्या आवाजात वाटणी सुरू झालीसुद्धा : तीन पाकिटं, सहा जणी, एक दिसाआड घेतलं तर बसतंय की.

"न्हाई," मी वळून म्हणाले. "पाळी न्हाई. गोळीला पाळी नसते."

तेव्हा आई उठली. सिस्टरच्या टेबलापाशी गेली. आवाज चढवला नाही. "बाई, माज्या लेकीनं माजी गोळी माजीच हाय म्हनून सांगितलंय. मी खाईन. पन ह्यांना भेटली न्हाई तर मी परत वाटनार. ते मला सुटत न्हाई. मग माजं अप्रिशन व्हनार न्हाई आन डॉक्टर इचारतील, तवा मी तुमचं नाव सांगंन. आता काय करायचं ते तुमी बगा."

सिस्टरनं फोन उचलला आणि शेजारच्या गावच्या उपकेंद्रात कुणाशी तरी बोलली. चार दिवसांनी उरलेल्या तिघींची पाकिटं आली. मामीला तर तिनं परभणीच्या दवाखान्याची चिठ्ठीही लिहून दिली. मामी अजून गेलेली नाही. म्हणते, खुरपणी उरकू दे. मी रोज भांडते.

ॲपमध्ये सहा जणींची नावं घालायला गेले, तर एकाच माणसाचं फुकट चालतं, पुढं पैसे भरा म्हणालं. मी ते काढून टाकलं. जाताजाताही त्यानं विचारलं, आपण आपलं ध्येय सोडून देत आहात का? अर्ध्या किलोचं ध्येय. आता एक शाळेची वही आहे, तिच्यात सहा ओळी आहेत. गोळी पाकिटातून निघाली म्हणून खूण होत नाही. गिळायची, तोंड उघडायचं, जीभ वर करून दाखवायची, मग खूण. खूण शेजारची करते, स्वतःची स्वतः नाही. बाराची घंटा मात्र त्यांनी ठेवायला लावली. फोनच्या साध्या गजरावर लावलीय. रंगीत कागद उडत नाहीत, याची एकीनं तक्रार केली.

परवा आईचं रक्त पुन्हा तपासलं. आठ पॉइंट नऊ. डॉक्टर म्हणाले, वाढतंय, पण दहा नाही. तारीख दिली नाही. मी म्हणाले, पहिल्या बेचाळीस गोळ्या पोटात गेल्या असत्या तर आज तारीख मिळाली असती. आई म्हणाली, "मग मामी आज उबी नसती ऱ्हायली." मला ते मान्य नाही. सात गोळ्यांनी कुणी उभं राहत नाही. पण हे तिच्याशी भांडून काही उपयोग नाही, आणि मी तरीही भांडते.

काल बारा वाजता मी रानातच होते. सहा पाकिटं, सहा गोळ्या, एक तांब्या. आई पाच जणींच्या तोंडाकडं बघत थांबली होती. पाचवीनं जीभ दाखवली, तेव्हा कुठं तिनं स्वतःची तोंडात टाकली.

"आधी तू घ्यायची असं ठरलंय ना?" मी म्हणाले.

"घेतली की आता," ती म्हणाली, आणि मला जीभ दाखवली.