पेटी आखूड नव्हती

मिस्त्री चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की पाच मिनिटांत झोपायचे, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. तिसरा बाक, खांबाशेजारची जागा, खांबाला टेकलेलं डोकं. पाळकांनी एकदा वरून विचारलंही, "मिस्त्री, बाक फारच मऊ झालेत वाटतं?"

मिस्त्रींनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "कडकच केलेत, साहेब. माझ्याकडून कसूर नाही. पुढचं तुमच्या हातात."

शवपेट्या करणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. धर्मातलं आपल्याला फारसं कळत नाही, असं ते स्वतःच सांगत. एक गोष्ट मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. मेलेली माणसं एक दिवस उठणार आहेत. तेव्हा पेटी म्हणजे खोका नव्हे, बिछाना. म्हणून माप ते स्वतः घ्यायचे, टाळूपासून टाचेपर्यंत, आणि वर चार बोटं जागा मोकळी ठेवायचे. झाकण लावण्याआधी घरच्यांना तीनदा विचारायचे, "कुणाला तोंड बघायचं राहिलंय का?" घाई करू नका, माती कुठे पळून जात नाही, असंही म्हणायचे. ही रीत त्यांच्या वडिलांची.

लष्करानं देश ताब्यात घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी या रीतीवर बंदी आली. चौकीतून येणारी मयतं शिपायासमोर मापायची, शिपायासमोर खिळे ठोकायचे, पेटी परस्पर कबरस्तानात पोचवायची. उघडायची नाही. सोबत एक कागद यायचा, त्यावर कधी हृदयविकार लिहिलेला, कधी जिन्यावरून पडणं. मिस्त्री कागदाकडे बघायचे, मयताकडे बघायचे आणि खिळे ठोकायचे. घरच्यांना काही विचारायचे नाहीत. घरी येऊन बायकोलाही सांगायचे नाहीत. पण ती काही आंधळी नव्हती. नवरा आताशा प्रवचनात टक्क जागा असतो, हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

"आज काय सांगितलं पाळकांनी?" तिनं एकदा मुद्दाम विचारलं.

त्यांनी अख्खं प्रवचन शब्दन् शब्द सांगितलं.

मग सरकारी इस्पितळातल्या नर्सचं मयत आलं. गिरणीच्या दारात गोळीबार झाला, तेव्हा जखमी मजुरांना तिनं मागच्या दारानं आत घेतलं होतं. त्यांची नावं मात्र चौकीला सांगितली नाहीत. मंगळवारी तिला उचललं, शुक्रवारी सकाळी हातगाडीवरून मिस्त्रींच्या कारखान्यात आणून टाकलं. कागदावर न्यूमोनिया. मिस्त्रींनी चादर काढली. तळपाय फुटून काळेनिळे झाले होते. जबडा एका बाजूला सरकला होता. दहा बोटांपैकी एकालाही नख नव्हतं. माप घ्यायला पाय सरळ करू गेले, तर पाय गुडघ्याच्या खालीच वाकला, जिथे वाकायला सांधाच नसतो. दुसराही तसाच. लहानपणी ही पोर कारखान्यात येऊन भुशात खेळायची.

"ठोक लवकर," भिंतीकडे तोंड करून उभा असलेला शिपाई म्हणाला.

मिस्त्रींनी ठोकली.

कबरस्तानात तिची आई उभी होती. कपडे शिवून तिनं मुलीला शिकवलेलं. पेटी खड्ड्याच्या कडेला ठेवली, पाळकांनी पुस्तक उघडलं, आणि तेवढ्यात ती मिस्त्रींना म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, हिच्या वडिलांच्या वेळी तुम्ही तीनदा विचारलं होतंत. आज विचारलं नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू घ्यायची राहिली तर आठवण करून देतात, तसं ती बोलली.

मिस्त्री मान खाली घालून गाडीपाशी गेले. सगळ्यांना वाटलं, माणूस निघाला. ते छोटी पहार घेऊन परत आले आणि पेटीपाशी गुडघ्यांवर बसले.

"कुणाला तोंड बघायचं राहिलंय का?"

"मला," आई म्हणाली.

पहिला खिळा निघाला तेव्हा शिपाई ओरडला. दुसरा निघाला तेव्हा बंदुकीचा दस्ता मिस्त्रींच्या खांद्यावर बसला आणि गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज चार पावलांवरच्या पाळकांनाही ऐकू आला. पहार हातातून पडली. ती त्यांनी डाव्या हातानं उचलली. तोवर पाळक आणि दहा-बारा माणसं मध्ये येऊन उभी राहिली होती. दोनच शिपाई. एकानं हवेत गोळी झाडली, पण कुणी हललं नाही. झाकण निघालं.

आई रडली नाही. तिनं मुलीचा सरकलेला जबडा तळहातानं जागेवर आणून पाहिला, तो राहीना. मग तिनं मुलीचे दोन्ही हात मनगटाला धरून वर उचलले आणि ती बिननखांची बोटं सगळ्यांना दाखवली. पलीकडच्या रस्त्यावरच्या लोकांनाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या एकाही नर्सनं कामाला हात लावला नाही.

चौकीच्या साहेबाला लोक अत्तरसाहेब म्हणत. तो येण्याआधी त्याचा वास यायचा. मिस्त्रींना धरून त्याच्या खोलीत नेलं. तिथे एक मोठं लाकडी टेबल होतं, आणि वेदनेनं डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही मिस्त्रींना दिसलं की त्याच्या खणांचे सांधे चांगल्या कारागिरानं केलेत.

"सोपं आहे, मिस्त्री," साहेब म्हणाला. "तुझी पेटी आखूड झाली. पाय मावेनात, म्हणून तू हातोड्यानं नडग्या मोडल्यास. आखडलेली बोटं पकडीनं सरळ करताना नखं निघाली. मग घाबरून आळ आमच्यावर घातलास. एवढं कोर्टात बोल. तीन महिन्यांत घरी."

"पेटी आखूड नव्हती, साहेब."

"होती."

"चाळीस वर्षांत एकही झाली नाही."

साहेब हसला. "जीव जायची पाळी आली आणि याला कारागिरीची अब्रू."

त्यानं मिस्त्रींचा उजवा हात खणात ठेवायला सांगितलं. दोघांनी दंड धरला. साहेबानं खण पायानं ढकलून बंद केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मिस्त्री ओरडले, अंगावरचे कपडे ओले झाले. साहेबानं खण उघडला, हात थोडा आत सरकवला आणि पुन्हा ढकलला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी कल्हईसाठी हाळी देत होता. तिसऱ्या वेळी मिस्त्री म्हणाले, "आखूड होती."

"किती?"

"तुम्ही सांगाल तेवढी."

अंगठा शाबूत ठेवला होता. कागदावर तो उठवून घेतला.

सुनावणीच्या आदल्या दुपारी बायकोला दहा मिनिटं भेटू दिलं. व्हरांड्यात बाक, मध्ये शिपाई. तिनं फडक्यात गुंडाळलेला हात पाहिला, पण त्याबद्दल विचारलं नाही. सदऱ्याचं बटण नीट लावून दिलं.

"काय लिहून घेतलं?"

त्यांनी सांगितलं.

"आखूड? तुमची?" ती म्हणाली, आणि त्याही स्थितीत दोघांना क्षणभर हसू आलं. मग तिचा चेहरा बदलला. "हे बघा. उद्या ते म्हणतील ते म्हणा. लांब म्हणाले तर लांब, आखूड म्हणाले तर आखूड. आणि घरी या. मला शहाणपण शिकवू नका. मला नवरा हवाय."

"तिची आई असेल कोर्टात."

"असू दे."

"आधीच्यांच्या आयाही असतील."

हे "आधीचे" कोण, ते ती समजली. तिनं तोंड फिरवलं. "मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही," ती म्हणाली. शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.

रोजची प्रार्थना त्यांना पाठ होती. ती त्या संध्याकाळी कोठडीत इतरांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी येऊन अडली. अत्तरसाहेबाला क्षमा करणं जमेना, आणि खोटं म्हणवेना. शेवटी त्यांनी तेवढा भाग देवावर सोडला. "ते तुझं तू बघ," ते म्हणाले. "मला उद्या फक्त आवाज दे. तो किती वेळ पुरेल ते तुलाच माहीत."

कोर्ट गच्च भरलं होतं. सरकारनं मुद्दामच लोकांना येऊ दिलं होतं, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. पुढच्या बाकावर शिवणकाम करणारी आई, मागे नर्सेस, गिरणीतली माणसं, भिंतीशी मिस्त्रींची बायको. न्यायाधीशानं कागद वाचला आणि वर न बघता विचारलं, "पेटी आखूड होती, हे खरं?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

"नाही. पोरीची उंची पाच फूट दोन इंच. पेटी त्याहून चार बोटं लांब. खणून मापा. पाय चौकीत मोडले, नखंही तिथलीच. मी हातोडा मारला तो फक्त खिळ्यांवर."

अत्तरसाहेब उभा राहिला. "याची सही आहे."

"अंगठा आहे," मिस्त्री म्हणाले. "बोटं तुमच्या खणात राहिली."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मिस्त्री घाईघाईनं पुढे बोलू लागले, कारण दोन शिपाई निघालेले त्यांना दिसले. "आणि आधीच्या पेट्याही मीच ठोकल्या. कुणाला विचारलं नाही. भ्यालो. माझ्या हातून पाप झालं. आज सांगतो. गिरणीतला तो मुकादम, कागदावर हृदयविकार होता. त्याच्या छातीच्या फासळ्या..."

दस्ता तोंडावर बसला. मिस्त्री कठड्याला धरून उभे राहिले, दात थुंकले. "फासळ्या डाव्या बाजूच्या सगळ्या मोडलेल्या. पोस्टातला कारकून, तो जिन्यावरून पडला नाही. मानेवर दोराचा..."

दुसऱ्या दणक्याला ते खाली पडले. न्यायाधीश उठून आतल्या खोलीत निघून गेला. शिपायांनी मिस्त्रींना पायाला धरून ओढलं, दाराकडे, तिथून बाहेरच्या पायऱ्यांकडे. एकेका पायरीवर डोकं आपटत होतं.

तेव्हा गर्दीतून एक माणूस पुढे आला. पस्तिशीचा, हातात टोपी. तो शिपायांच्या बरोबरीनं पायऱ्या उतरत वाकून म्हणाला, "मिस्त्री, माझ्या भावाचं काय? लाल केसांचा. जानेवारीत आणला होता तुमच्याकडे."

मिस्त्रींचे ओठ हलले. जबडा तुटला होता, रक्ताशिवाय काही बाहेर येईना.

एक शिपाई त्या माणसाला ढकलायला वळला. तेवढ्यात मिस्त्रींची बायको मध्ये घुसली. तिला एक लाथ बसली, ती गुडघ्यांवर पडली आणि तशीच सरकत नवऱ्याच्या डोक्यापाशी पोचली. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, निदान दगडावर आपटू नये म्हणून. कान त्याच्या तोंडाला लावला.

"सांगा," ती म्हणाली. "काय ते मला सांगा."

ऐकून तिनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाठीत गोळी. दोन. हात मागे बांधलेले होते."

टोपीवाला तिथेच थांबला. त्याच्या मागून एक बाई आली, तिच्या मागून आणखी एक. शिपाई ओढत होते, मारत होते, आणि ती नवऱ्याचं डोकं न सोडता त्यांच्याबरोबर खाली खाली घसरत होती. दर वेळी कान लावायची, मान वर करायची, आणि सांगायची.