डाव्या अंगाचा दिवा

शोभे, अशी दारात उभ्यानं वाचू नकोस. आत ये, बूड टेकव, चष्मा लाव. दिवाळीला आलीस तेव्हाही तेच केलंस. हातातली पिशवी खाली ठेवली नाहीस, अर्धा चहा कपात टाकलास आणि "थोरली आई, गाडी चुकंल" म्हणत निघालीस. इतकी कसली गं घाई? मला बोलायचं होतं. आजच नाही, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बोलायचं आहे. जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा असून तुझ्या आप्पांना नाही, जाऊ असून तुझ्या आईला नाही. देवाला तरी कोणत्या तोंडानं सांगू — त्याच्याच पाटावरनं तर उचललं. पण थांब. सरळ सांगते म्हणते आणि वळणावळणानं जाते.

माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं दूध संस्थेच्या रजिस्टरातली नावं लावून लावून शिकले. चुकलं असेल तिथं तूच नीट करून वाच.

दिवाळीला जेवता जेवता तू गॅस बंद केला का बघायला दोनदा उठलीस, आणि हसत म्हणालीस, "मला बी बाबांचा खटका लागलाय." सगळे हसले. आपल्या घरात कुणी काही विसरलं की "विष्णूचा खटका" म्हणायची रीतच पडली आहे. लेकरं म्हणतात, सुना म्हणतात. मीही हसले. बघ, अजूनही हसते मी. तुला माहीत आहे ते एवढंच की तुझे बाबा जीप चालवायचे, एका तिन्हीसांजेला दिव्याचा खटका ओढायचं विसरले, आणि त्यापायी ज्ञानोबाचा पाय कायमचा गेला. गावालाही हेच माहीत आहे. तुझे बाबाही हेच मानून गेले.

तसं झालेलं नाही, शोभे.

तो दुष्काळ लागोपाठचा दुसरा. विहिरीच्या तळाशी पोरांनी क्रिकेट मांडलं होतं, ह्यावरनं समज. शेतात काही उरलं नव्हतं. गावात जे काही चालत होतं ते दुधावर, आणि दूध चालत होतं त्या एका जीपवर. संस्थेची जीप, पण उभी राहायची आपल्या अंगणात, कारण ड्रायव्हर तुझे बाबा. सकाळ-संध्याकाळ वस्त्यांवरनं कॅन गोळा करायचे नि केजला पोचवायचे. लई जीव होता त्यांचा त्या जीपवर. काच पुसायला स्वतःची जुनी बनियन ठेवली होती, तिला कुणी हात लावला तर चालत नसे. तुझी आई म्हणायची, "माझ्यापरीस तिलाच न्हाऊ घालत्यात."

छावणीवर चारा उतरवताना एका ट्रॉलीनं जीपची एक बाजू घासली, आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बैलानं शिंग मारलं. मागल्या चाकाच्या वरती दोन्ही अंगांना बारके पिवळे दिवे होते, आडवी गाडी बाजूनं येणाऱ्याला दिसावी म्हणून. दोन्ही फुटले. संस्थेनं नवे दिवे आणून दिले, आणि आप्पा म्हणाले, केजला मिस्तरीकडं न्या. मी म्हणाले, कशाला? मी बसवते.

आता ह्यात माझी हौस किती आणि तोरा किती, हे माझं मलाच सांगता येत नाही. रेडिओ उघडून उघडून मी शिकले होते. गल्लीतल्या बॅटऱ्या, पंखे, शिलाई मशीनची मोटर, सगळं माझ्याकडं यायचं. बाया कौतुक करायच्या. आप्पा मात्र चार माणसांत म्हणायचे, "आमच्या हिला भाकरी सोडून सगळं येतंय." लोक हसायचे. त्या दिवशीही ते बाजेवर बसून म्हणाले, "बसव, बसव. मग केजचा मिस्तरी बोलवावाच लागंल, तुझं केलेलं उसवायला."

काम अवघड नव्हतं. दोन स्क्रू काढायचे, फुटकी काच काढायची, खालचं रबर बदलायचं. दिव्याला दोन वायरी. एकीतनं करंट येतो, दुसरी गाडीच्या लोखंडाला आवळायची. त्या लोखंडावर रंग असेल तर काचपेपरनं खरडून ते उघडं पाडावं लागतं, नाहीतर दिवा लागत नाही. बाकी सगळं बरोबर असलं तरी लागत नाही. उजवा दिवा मी अर्ध्या तासात बसवला. लावून बघितला, छान लागला. डाव्या अंगाला रंगाचे थरावर थर. तिथं स्क्रू आवळून टाकले, काच बसवली, दिसायला उजव्यासारखाच दिसत होता. राहिली ती एक वायर, आतल्या बाजूनं. ती आता खरडून आवळायची, तेवढ्यात तुझ्या आजीनं हाक मारली, "आण ती हत्यारं, पूजा खोळंबली."

खंडेनवमी होती.

आपल्या घरचा दंडक तुला माहीत आहे. खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर जातं. विळा, कुऱ्हाड, कोयता, माझी पक्कड, पेचकस, सगळं. हळदीकुंकू वाहिलं की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यांनाही विसावा पाहिजे, असं आजी म्हणायची. त्या वर्षी झेंडूला पाणीच नव्हतं, म्हणून पिवळ्या कागदाची माळ केली होती. मी पक्कड पाटावर ठेवली. मनात म्हणाले, एक वायर तर राहिली आहे, परवा आवळू.

पण जीपला कुठला विसावा. दुधाला सण कळत नाही. जीपलाही हळदीकुंकू लावलं, बॉनेटवर कागदाची माळ घातली, आणि संध्याकाळी तुझे बाबा निघाले. किल्ली हातात खेळवत माझ्यापाशी आले.

"वहिनी, झाले का दिवे?"

आप्पा बाजेवरच होते. चहा पीत होते. बशी तोंडाशी धरून माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचं ते हसू — मिशीतलं.

"झाले की," मी म्हणाले. "न व्हायला काय झालं."

"दोन्ही बी?"

"दोन्ही बी."

एवढंच. ह्या दोन शब्दांवर सगळं उभं आहे, शोभे. त्यांच्या मागं दारापर्यंत जाऊन हळूच सांगता आलं असतं की डावा लागत नाही, मोठे दिवे लावून जा. त्या जीपला एकच खटका होता. एकदा ओढला की बाजूचे दिवे, दुसऱ्यांदा ओढला की पुढचे मोठे. उजेड आहे तोवर पहिल्या खटक्यावरच चालवायचे ते, बॅटरी जुनी होती. मी नुसतं "मोठे लावा" म्हणाले असते तरी पुरे होतं. का नाही म्हणाले? आप्पांनी ऐकलं असतं म्हणून. एका माणसाच्या मिशीतल्या हसण्याला भ्याले मी.

नांदूरघाटच्या रस्त्याला उतार आहे, त्याच्या खाली वस्तीकडं जाणारी वाट. तिथं गाडी वळवताना रस्त्यात आडवी घ्यावी लागते. दिवस नुकताच बुडला होता, चाऱ्याचे ट्रॅक्टर गेलेले, धुरळा अजून खाली बसला नव्हता. जीप आडवी झाली, डावं अंग उताराकडं. वरनं सायकलवर ज्ञानोबा येत होता, मागं पेंडेचं पोतं. आपल्या गावचाच धनगर, चाळीसेक मेंढरांचा मालक, पायाला भिंगरी असलेला माणूस. त्याला जीप दिसली तेव्हा ती त्याच्या अंगावरच आली होती. गुडघा लोखंडावर आदळला. तो गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. मेंढरांमागं रानोरान फिरणारा माणूस उंबऱ्यावर बसला, आणि वर्षाच्या आत मेंढरं विकली.

तुझ्या बाबांनीच त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि केजला दवाखान्यात नेलं. तांबडं फुटता फुटता परत आले. शर्टाला रक्त, दुधाचा वास. अंगणात भिंतीला पाठ लावून बसले आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी हा कागद घेतला.

सकाळी संस्थेची माणसं जीप बघायला येणार, हे मला ठाऊक होतं. घर अजून उठायचं होतं. मी देवघरात गेले आणि पाटावरची पक्कड उचलली. दांड्यावरचं हळदीकुंकू माझ्या तळव्याला लागलं. काचपेपर घेतला. जीपच्या डाव्या अंगाला, मागल्या चाकापाशी, आडवी पडले आणि रंग खरडला. हळूहळू खरडला, आवाज होऊ नये म्हणून. दहा हातांवर तुझे बाबा झोपले होते, तोंड उघडं, दमलेल्या लेकरासारखे. वायर आवळली. पक्कड पुसून पाटावर होती तशी ठेवली, वर पुन्हा कुंकू वाहिलं.

काय मनात होतं तेव्हा? फार वर्षं मी स्वतःला सांगत आले की राहिलेलं काम तेवढं पुरं केलं. खोटं आहे ते. माझं नाव येऊ नये, एवढंच मनात होतं. त्यामुळं त्यांचं नाव येईल हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. शोभे, दिसत होतं.

चेअरमन आले, चार पंच आले. तुझे बाबा सारखं सांगत होते, "खटका ओढला व्हता, आईशप्पत ओढला व्हता." ज्ञानोबानं दवाखान्यातनं निरोप पाठवला होता की दिवा म्हणून काही दिसलाच नाही. मग चेअरमननी कुणाला तरी जीपमध्ये बसवलं आणि म्हणाले, "ओढ रं खटका." डावा दिवा लख्ख लागला.

"दिवा तर लागतोय, विष्णू," चेअरमन म्हणाले. "मग काल कावून न्हाई लागला?"

ते दिव्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही गं. आधाराला बघावं तसं. "वहिनी, तुमीच बसवले. काल लागत व्हते ना दोन्ही?"

"लागत व्हते, भावजी."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "मग माझ्याच हातनं ऱ्हायलं असंल. वळायच्या घाईत."

दोघंही खरं बोलत होते — ते खटका ओढला म्हणत होते, ज्ञानोबा दिवा दिसला नाही म्हणत होता. खोटी अख्ख्या अंगणात मी एकटी होते, आणि विश्वास सगळ्यांनी माझ्यावर ठेवला. आप्पांनी तर वर म्हटलं, "हिनं काम चोख केलं, ह्यानं माती केली." लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून माझं पहिलं कौतुक ते.

जीप दुसऱ्याच्या हातात गेली. दसरा झाला आणि गावातली माणसं ऊसतोडीला निघाली, त्यांच्यात त्या वर्षी पहिल्यांदा तुझे आईबाबा होते. खंडेनवमीला माझ्या पकडीशेजारी ठेवलेला कोयता, तोच त्यांच्या हातात. तू आठ महिन्यांची, थंडीवाऱ्यात पालावर कुठं नेणार, म्हणून माझ्यापाशी ठेवली. सहा महिने. मग दर वर्षी सहा महिने. मला मूल नव्हतं, तुला माहीतच आहे. बोबड्या बोलात तू "आई" म्हणालीस ती आधी मला. उन्हाळ्यात तुझी आई परतली, तिनं हात पुढं केले तर तू माझ्या पदराआड लपलीस. ती हसली आणि आत जाऊन रडली. मी ऐकलं. ऐकूनही तुला घट्ट धरून ठेवलं. माझ्या खोटेपणातनं मला लेक मिळाली, हे जगात कुणाला सांगायचं?

तुझे बाबा त्यानंतर प्रत्येक खटका दोनदा बघायचे. दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकली की परत उठायचे. विचारायचे, "मालवला न्हवं मी?" घर हसायचं. आणि दर दसऱ्याला सोनं द्यायला पहिलं घर ज्ञानोबाचं. आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवायचे, वाकून त्याच्या त्या ताठ पायाला हात लावायचे, आणि म्हणायचे, "चुकलं माझं." ज्ञानोबा म्हणायचा, "आरं सोड आता, म्हातारे झालो दोघं बी." मग ते घरी यायचे आणि दुसरं सोनं मला द्यायचे. माझ्या पाया पडायचे. मी आशीर्वाद द्यायची. इतके दसरे — मी आशीर्वाद देत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या चार दिवसांत मी उशाशी होते. रोज म्हणायची, आज सांगते. पाणी पाजलं, तोंड पुसलं. सांगितलं नाही. तेव्हा तर आप्पाही नव्हते हसायला, त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हा कुणाला भ्याले होते मी?

ह्याच्यावर काही म्हणू नकोस. तुझ्याकडं काही मागायला लिहिलेलं नाही. तुझे बाबा विसरले नव्हते, एवढं तुला ठाऊक असावं. खटका ओढलेला होता.

यंदा दसऱ्याला ज्ञानोबाकडं मी जाणार आहे. गुडघे दुखतात, पण चालत जाणार, आणि त्याच्या पोरासुनांसमोर सांगणार. त्याच्या आधी तुला कळावं म्हणून हे. पक्कड देवघरात पाटाखाली आहे, तीस वर्षांत मी तिनं दुसरं काम केलं नाही.

तेवढी ये गं लवकर. दसऱ्याच्या आधी ये. पिशवी खाली ठेवायची का नाही ते तू आल्यावर ठरव.